भिंतीची बाहेरची बाजू

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत प्रत्येक भिंतीला दोन बाजू असतात. आतली बाजू सभासदाची. तिला इमल्शन मिळते, टीव्हीमागे टेक्श्चर मिळते, आणि एखाद्या पोराने तिच्यावर पेन्सिल चालवली तर घरभर बोंबाबोंब होते. बाहेरची बाजू संस्थेची, म्हणजे सगळ्यांची. आणि जे सगळ्यांचे असते त्याच्याकडे पाहायला कोणालाच वेळ नसतो. शिवाय घरात बसून ती दिसतही नाही. ती दिसते समोरच्या इमारतीतल्यांना, आणि ते हे निरीक्षणाचे काम विनामोबदला, वर्षभर, मनापासून करतात. ‘तुमची बिल्डिंग फारच काळी पडली हो’ हे वाक्य बहुतेक वेळा समोरूनच येते, आणि ज्यांच्याकडून येते त्यांच्या इमारतीचा रंग नुकताच काढून झालेला असतो.

हे वाक्य ऐकू येण्याचा हंगाम सप्टेंबर. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईवर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, रत्नागिरीकडे त्याहून जास्त. दुसरीकडे, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पावसाचा आणि कायद्याचा काही संबंध नाही, पण भिंत जेव्हा सर्वांत काळी-हिरवी असते नेमके तेव्हाच सभासद एकत्र बसतात. एक जण म्हणतो, रंग काढू. दुसरा म्हणतो, रंगाला पैसे कुठे आहेत, नुसती धुवून घेऊ. तिसरा पार्किंगचा विषय काढतो आणि सभा तिथेच रमते. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात शेवाळ वाळते, हिरव्याचे करडे होते, आणि विषय वर्षभरासाठी आपोआप निकालात निघतो. चार-पाच वर्षांनी मात्र धुणाऱ्यांना बोलावण्याची वेळ येतेच. तोवर त्यांना काय विचारायचे हे माहीत करून घेतलेले बरे, कारण चुकीच्या धुण्याने खराब झालेली भिंत पुन्हा धुवून नीट होत नाही.

पहिला प्रश्न म्हणजे भिंतीवर आहे तरी काय. सभासदांचे उत्तर तयार असते: ‘पोल्युशन.’ रहदारीच्या रस्त्यालगत त्यात तथ्यही आहे. धुळीचा आणि काजळीचा थर तिथे असतोच. पण पावसाळी प्रदेशातल्या भिंतीवरचा बराचसा काळेपणा जिवंत असतो. ओल धरलेल्या गिलाव्यावर नीलहरित जीवाणू, शैवाल आणि बुरशी वस्ती करतात. यांतल्या काही नीलहरित जीवाणूंना उन्हाचा त्रास होतो, म्हणून ते अंगाभोवती गडद रंगाचे आवरण तयार करतात; भिंतीवरचे काळे पट्टे हा त्यांचा उन्हापासून बचाव असतो. कोकणात आणि गोव्यात भिंतीवर विटकरी-भगवा थर दिसतो. तोही शैवालच, फक्त त्यात गाजरातल्यासारखे नारिंगी रंगद्रव्य असते. तळमजल्यावर हा थर दिसला की पहिला संशय पान खाणाऱ्या पाहुण्यावर जातो आणि बिचारा निष्कारण बदनाम होतो.

जुन्या भिंतींवर याच्याही पुढची पायरी दिसते, ती म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संयुक्त संसार. गोड्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले. तरीही गच्चीच्या कठड्यावरून खरवडलेल्या पापुद्र्यांनी आमटीला तीच चव येईल, या भरवशावर राहू नये.

नव्या रंगावर ही वस्ती लगेच का होत नाही, याचे कारण डब्यात असते. बाहेरच्या रंगात बुरशी आणि शैवाल रोखणारे औषध मिसळलेले असते. दर पावसात ते थोडे थोडे धुपून जाते. रंग तसाच राहतो, पहारेकरी निघून जातो. म्हणून इमारत तीन-चार वर्षे नवी दिसते आणि मग एका पावसाळ्यात एकदम म्हातारी होते. त्या काळ्या थरावरच नवा रंग मारून घेणे हा स्वस्तातला उपाय अनेक संस्था करतात. खालची बुरशी त्यामुळे मरत नाही, फक्त पुढच्या ऑगस्टपर्यंत दृष्टीआड होते.

सगळेच डाग जिवंत नसतात, आणि इथेच धुणाऱ्याची परीक्षा असते. खिडकीच्या ग्रिलखाली उतरलेले तांबूस ओघळ गंजाचे असतात. त्यांच्यावर ब्लीचचा उपयोग नाही. तिथे ऑक्झॅलिक ॲसिड लागते. गिलाव्यातून बाहेर फुटलेली पांढरी पावडर म्हणजे क्षार. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येताना ते बरोबर आणते आणि स्वतः उडून जाते. हा खार आधी कोरड्या ब्रशने झाडायचा असतो. पाणी मारले की तो विरघळून पुन्हा आत शिरतो आणि भिंत वाळली की परत हजर होतो. लोक म्हणतात, धुतले तरी पांढरे जात नाही. ते धुतल्यामुळेच जात नसते.

कबुतरांची गोष्ट वेगळी. त्यांची वाळलेली विष्ठा खरवडताना जी धूळ उडते ती फुफ्फुसांना घातक असते, त्यामुळे ती आधी भिजवायची, मग काढायची, आणि काढणाऱ्याने मास्क लावायचा. एवढी गोष्ट संस्थेत एकमताने मान्य होते. वाद पेटतो तो कबुतरांना दाणे घालण्यावरून. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा आंदोलकांनी ती ओढून काढली. प्रत्येक संस्थेत या प्रकरणाची एक छोटी आवृत्ती चालू असते: चौथ्या मजल्यावर ज्वारी पडते आणि तिसऱ्या मजल्यावर तिचा हिशेब होतो.

पक्ष्यांची दुसरी देणगी म्हणजे पिंपळ. पाइपाच्या सांध्यात किंवा छज्ज्याच्या कोपऱ्यात बी रुजते आणि दोन पावसाळ्यांत रोप वीतभर वर, हातभर आत जाते. वरून छाटले तर ते अधिक जोमाने फुटते. मूळ काढून ती भेग बुजवावी लागते. ते काढायला मात्र कोणी तयार नसते. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सभासदसुद्धा ‘पिंपळ आहे, जरा बघून’ म्हणतात. शेवटी हे काम बाहेरून आलेल्या माणसाच्या हातून व्हावे, असा मूक ठराव होतो.

धुण्याचा दर ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट पाहायला हवी: पाणी कुठून येते. खिडकीखालची सिल बाहेरच्या अंगाला किंचित उतरती असावी आणि तिच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच असावी. त्या खाचेशी आलेले पाणी पुढे सरकत नाही, थेंब होऊन खाली गळते. रंगाऱ्याने दर वेळी त्या खाचेत लांबी आणि रंग भरून ती गुळगुळीत करून टाकली की पाणी सिलीच्या पोटाखालून मागे वळते आणि भिंतीवरून उतरते. सिलीच्या दोन्ही टोकांखाली लांबच लांब काळे ओघळ दिसतात ते यामुळे. हाच प्रकार टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाचा आणि एसीच्या त्या पांढऱ्या नळीचा, जी बसवणाऱ्याने ‘पाणी जाईल बाहेर’ एवढे आश्वासन देऊन भिंतीजवळ लोंबकळत सोडलेली असते. पाणी बाहेर जाते हे खरे. बाहेर कुठे, हे खालच्या मजल्याला विचारावे. ही ठिकाणे आधी दुरुस्त केली नाहीत तर काळे ओघळ पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी, त्याच लांबीचे उमटतात.

उत्तरेकडच्या भिंतीला ऊन कमी मिळते म्हणून ती जास्त दिवस ओली राहते. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा झेलते. चारही बाजू सारख्या मळत नाहीत, त्यामुळे चारही धुवायलाच हव्यात असेही नाही. हा मुद्दा धुणारा स्वतःहून कधी काढत नाही.

आता यंत्र. जर्मनीच्या कार्शर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाई यंत्र आणले. याच कंपनीने २००५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट रशमोरवरचे राष्ट्राध्यक्षांचे चेहरे धुऊन त्यांच्यावरचे शेवाळे आणि दगडफूल काढले. माहितीपत्रकात अशा कामांची छायाचित्रे पाहून सभासद भारावतात. मात्र तिथे ग्रॅनाइटचा डोंगर होता. इथे असतो सिमेंटचा गिलावा, वाळूत किती सिमेंट पडले हे फक्त बिल्डरला माहीत असलेला. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते. धुण्याचे यंत्र दीड-दोन हजार पीएसआयने पाणी सोडते. त्याच्या नळीच्या तोंडाला वेगवेगळ्या रंगांची नोझल बसतात. लाल नोझलमधून पाणी सरळ सुईच्या धारेने येते, पांढऱ्यातून चाळीस अंशांत पसरून. लाल नोझल भिंतीच्या जवळ नेले तर गिलाव्यावर नक्षी उमटते. तिला ‘अँटिक फिनिश’ म्हणणारे लोक या धंद्यात आहेत.

भिंत हा मारा सोसेल की नाही, हे दोन साध्या उपायांनी कळते. तळहात भिंतीवर घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर रंग उतरणीला लागला आहे आणि यंत्र लावल्यावर मळाबरोबर तोही जाईल. मग धुण्याचे काम संपून रंगाचे सुरू होते, आणि कंत्राटदाराकडे रंगाचेही माणूस असते. दुसरा उपाय हातोडीच्या लाकडी मुठीने गिलाव्यावर ठोकून आवाज ऐकण्याचा. भरीव आवाज आला तर ठीक; पोकळ आला तर तो तुकडा भिंतीपासून सुटलेला आहे आणि पाण्याच्या जोराने खाली येऊ शकतो, बहुधा अध्यक्षांच्या गाडीवर. भेगांमध्ये दाबाने शिरलेले पाणी आतल्या बाजूला, कुणाच्या तरी बेडरूममध्ये, नकाशा होऊन उमटते. बाहेरच्या भिंतीतून आत येणारी गळती हा आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेच्या खर्चाचा विषय आहे, त्यामुळे हा नकाशा पुढच्या सभेत फोटोसह सादर होतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. उपविधींनुसार इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करून घ्यायची असते. ती झाली, भेगा बुजवल्या, सुटलेला गिलावा काढून नवा केला, की मग धुणे. इमारत आतून कशी आहे याची चौकशी महाराष्ट्रात नियमाने होते. ती बाहेरून कशी दिसते, याची चौकशी पॅरिसमध्ये होते: १८५२ च्या एका फर्मानाने तिथल्या घरमालकांवर दहा वर्षांतून निदान एकदा दर्शनी भिंती साफ करून घेण्याचे बंधन घातले. इकडे ते काम वर सांगितल्याप्रमाणे समोरच्या इमारतीकडे असते.

जिवंत मळासाठी दाबापेक्षा औषध उपयोगी पडते. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पांढऱ्या कपड्यांच्या ब्लीचचा थोरला भाऊ, पाण्यात बराच पातळ करून हलक्या फवाऱ्याने भिंतीवर मारतात, दहा-पंधरा मिनिटे राहू देतात आणि साध्या पाण्याने धुतात. फवारा खालून वर मारायचा, म्हणजे कोरड्या भिंतीवर ओघळांच्या रेघा पडत नाहीत. धुताना वरून खाली यायचे. तापलेल्या भिंतीवर औषध काम करण्याआधीच वाळते, म्हणून सावली जिकडे सरकेल तिकडे काम सरकते. औषध मारण्याआधी झाडांवर साधे पाणी मारून ती झाकावी लागतात. तळमजल्याच्या तुळशीला हा नियम कोणी सांगितलेला नसतो आणि ती दोन दिवसांत पिवळी पडते. मग जे होते ते कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

‘केमिकल कोणते?’ या प्रश्नाला ‘इम्पोर्टेड’ हे उत्तर मिळाले तर कॅन उघडून लांबूनच वास घ्यावा. संडास धुण्याच्या ॲसिडचा वास आला तर काम तिथेच थांबवावे. हे ॲसिड सिमेंटमधला चुना खाते. भिंत अर्ध्या तासात लख्ख दिसते, कारण तिची वरची कातडी गेलेली असते. पुढच्या पावसात वाळू सुटू लागते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एकाच बादलीत कालवून ‘डबल पॉवर’ करणारा माणूस भिंतीआधी स्वतःला संपवेल. दोन्ही वापरायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाण्याने धुऊन.

जांभ्याच्या घराला तर हे यंत्र दाखवूही नये. जांभा सच्छिद्र असतो. दाबाच्या पाण्याने त्याचे कण सुटतात आणि पाणी आत साठते. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेचा जांभा मुळात चुन्याच्या गिलाव्याखाली सुरक्षित होता. १९५० च्या दशकात हा गिलावा काढून टाकला गेला. दगड उघडा पडून वास्तू प्राचीन दिसू लागली, आणि तेव्हापासून पावसाने झिजूही लागली. तो गिलावा पुन्हा द्यावा की नाही याची चर्चा अजून चालू आहे. मागच्या पिढ्यांनी मळाचा प्रश्न भिंत न धुताच सोडवला होता: पावसाळा संपला की दिवाळीआधी चुन्याचा हात. चुना इतका अल्कधर्मी असतो की ताजा असताना त्याच्यावर बुरशी टिकत नाही. पांढरेपणा खुलावा म्हणून त्यात नीळ आणि भिंतीला धरावा म्हणून डिंक घालत. वर्षभरात पावसाने तो चुना मळासकट उतरवला की पुन्हा नवा हात. कपडे भिंतीला टेकले की पांढरे होत, ही एकच तक्रार होती.

उंच इमारतीत भिंतीपर्यंत पोहोचणे हा खर्चाचा मोठा भाग असतो. परांची बांधली तर चोरांची सोय होते म्हणून महिनाभर खिडक्या बंद. दोरावरचा माणूस लावला तर तो अचानक बाथरूमच्या खिडकीत दिसतो. म्हणून कोणत्या दिवशी कोणत्या बाजूचे काम, ही नोटीस लिफ्टमध्ये आधी लावावी. सभासद ती वाचत नाहीत, पण लावलेली होती असे नंतर म्हणता येते. सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, पाठीला टाकी आणि हातात नळी घेऊन लोंबकळणाऱ्या माणसाला आतून पहिला प्रश्न येतो तो असा: ‘दादा, आलाच आहात तर जरा आमच्या ग्रिलवरूनही हात फिरवा ना.’ पुढे एसीच्या बाहेरच्या युनिटचा विषय निघतो. त्या युनिटवर दाबाने पाणी मारले तर त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकतात आणि गार हवेऐवजी मेकॅनिक येतो. सहाव्या मजल्यावरच्या काकू मात्र चहा विचारतात. दोन हात नळीत गुंतलेले असल्याने तो घेता येत नाही, तरी विचारतात.

या माणसाबाबत विनोदाला जागा नाही अशी एक गोष्ट आहे. त्याच्या अंगावर पूर्ण शरीराचा हार्नेस हवा, नुसता कमरेचा पट्टा नव्हे. त्याला दोन स्वतंत्र दोर हवेत, एक कामाचा, एक जीव वाचवणारा, आणि ते गच्चीवर दोन वेगवेगळ्या भक्कम जागी बांधलेले हवेत. पाण्याच्या टाकीचा पाइप ही भक्कम जागा नाही. गच्चीच्या कठड्यावर दोर घासतो तिथे जाड आवरण हवे. कामगारांचा विमा आहे का, हे कागद पाहून ठरवावे. ‘आहे ना साहेब’ हा कागद नव्हे. कामाच्या दिवशी सचिवांनी एकदा स्वतः गच्चीवर जाऊन गाठी पाहाव्यात. त्यातले काही कळले नाही तरी कोणीतरी पाहते आहे, एवढ्यानेही गाठी नीट बसतात.

दरपत्रके तीन मागवतात आणि सर्वांत कमी रकमेचे निवडतात, ही रीत आहे. कमी दर कोठून आला हे शोधले तर बहुधा तो विम्यातून, दुसऱ्या दोरातून किंवा औषधातून आलेला असतो. दर चौरस फुटाला असतो, त्यामुळे खिडक्या वजा करायच्या की नाही यावर वाद होतो. तो काम सुरू होण्याआधी व्हावा. पाणी संस्थेचे की टँकरचे, हेही लिहून घ्यावे, कारण यंत्र मिनिटाला आठ-दहा लिटर सहज ओढते आणि त्याच टाकीतून सकाळी साठ घरांच्या आंघोळी व्हायच्या असतात. काम देण्याआधी मागच्या बाजूला दोन-तीन फूट लांबी-रुंदीचा नमुना धुऊन दाखवायला सांगावा आणि तो वाळल्यावर पाहावा. ओली भिंत खोटे बोलते. डाग आणि स्वच्छ जागा दोन्ही सारख्याच गडद दिसतात. शेवटचा हप्तासुद्धा सगळी भिंत वाळेपर्यंत हातातच ठेवावा.

सर्वांत योग्य काळ पावसाळा संपल्यावरचा. दिवाळीआधी सगळ्यांनाच हवे असते आणि दिवाळीत कामगार गावी जातात, म्हणून प्रत्यक्षात डिसेंबर-जानेवारी हाती येतो. त्यात बिघडत काही नाही. एप्रिल-मेपर्यंत मात्र लांबवू नये, कारण पाणीकपातीच्या दिवसांत भिंत धुणारी संस्था वर्तमानपत्रात येते.

खर्च दुरुस्ती निधीतून करतात. उपविधींप्रमाणे हा निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दराने दर वर्षी जमा होतो. हा खर्च इमारत बांधली तेव्हाचा असतो, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत किमान दरावर भागवले तर जमलेल्या रकमेत आज फार तर शिडी येईल. उरलेल्याची वर्गणी लागते, आणि तळमजल्याचे सभासद हमखास उभे राहतात: आमच्या भिंतीला माणूस जमिनीवर उभा राहून हात लावतो, सातव्या मजल्याच्या दोरांचे पैसे आम्ही का द्यायचे? त्यांना एवढेच दाखवावे लागते की धुण्याचे काम वरून खाली येते, सातही मजल्यांचा मळ त्यांच्याच भिंतीवरून उतरतो, आणि म्हणून ती सगळ्यात शेवटी आणि दोनदा धुवावी लागते.